मोटरसायकल-आरोहण : उमेदवारांस काही सूचना

मोटरसायकल शिकू इच्छिणाऱ्या इसमास यंत्राचे भय वाटते, ते सर्वस्वी अस्थानी होय. कारण यंत्र बोलत नाही, आणि या विद्येत उमेदवाराचा घात होतो तो बोलणाऱ्यांमुळे. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान ३० दिवस जाऊ द्यावेत, असा सरकारी दंडक आहे. उमेदवाराच्या अंगी कौशल्य यावे म्हणून तो घातला असावा, असा सार्वत्रिक समज असला, तरी शेजारी, मेहुणे व पानपट्टीवरील मंडळी यांचे उपदेश एकदाचे ऐकून संपावेत, हाच त्यामागील अंतस्थ हेतू असावा असे आम्हांस वाटते.

प्रथम वाहनाची तजवीज. शिकावयाचे वाहन दुसऱ्याचे असावे, याविषयी सर्व आचार्यांचे एकमत आहे. मात्र ती काकांची जुनी बुलेट नसावी. त्या घराण्यात गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमका उलट कारभार असे. सबब तिच्यावर तयार झालेला शिष्य पुढे मित्राच्या गाडीवर बसला आणि समोर म्हैस आली, की ब्रेक समजून मोठ्या निष्ठेने गिअर दाबतो. म्हैसूरच्या कारखान्यातील जुन्या जावा-येझदीही नवख्याने दुरूनच वंदाव्यात. तेथे गिअरची दांडी तीच वर वळवली की किक होते, आणि एकाच कारकुनाकडे दोन खाती सोपविल्यावर जो घोळ व्हावयाचा तो नवख्याच्या पायांत होतो.

आता मुख्य प्रकरण, क्लचचे. डाव्या हाताने क्लच आवळून व डाव्या पायाने पहिला गिअर टाकून उमेदवार सज्ज झाला, की मागे कॅरिअर धरून उभा असलेला मित्र ‘सोड! सोड!’ असा घोष करतो; आज्ञाधारक उमेदवार तो तत्क्षणी सोडतो; गाडी एक उडी मारते, बंद पडते, आणि ‘अरे, असा नाही सोडायचा’ एवढे बोलून मित्र जबाबदारीतून मुक्त होतो. या घोषाकडे साफ दुर्लक्ष करून उमेदवाराने बोटे सुतासुताने उलगडावीत. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीत उतरतो, साखळी ताणली जाते आणि सीट बुडाखालून किंचित पुढे सरू पाहते. तेथेच हात थांबवावा. या स्थानास ‘हाफ क्लच’ अशी संज्ञा असून, रेस न देता केवळ त्याच्या आधारे मैदानास प्रदक्षिणा घालता येऊ लागेपर्यंत उजव्या हातास कोणतेही अधिकार बहाल करू नयेत.

दृष्टीविषयी शास्त्राज्ञा अशी की, जिकडे नजर तिकडे गाडी. उपदेशक ‘खड्डा बघ, खड्डा!’ म्हणून ओरडतो. उमेदवार तो सादर अवलोकितो व अल्पावधीतच त्यात दाखल होतो. तेव्हा खड्ड्याची नोंद घेऊन नजर लागलीच शेजारच्या सपाट भूमीवर न्यावी. आरटीओच्या परीक्षेत पाय न टेकता आठचा आकडा काढावा लागतो, तेथेही पुढच्या चाकाकडे पाहणारा पाय टेकतो आणि वळणाच्या पलीकडे पाहणारा सुटतो, याचे कारण हेच.

परंतु सर्व उपदेशांत घातक उपदेश ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, पालथा पडशील’ हा होय. वेग आवरू लागताच गाडीचा व स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबविण्याचे अधिक काम तेच चाक करू शकते. त्यास रजेवर पाठवून एकट्या मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याचे मागचे चाक घसरत जाते आणि थांबण्याचे ठिकाण बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे निघते. हँडल सरळ असता दोन्ही ब्रेक एकत्र, पैकी पुढचा क्रमाक्रमाने आवळावा. वाळूवर व वळणात त्यास हिसका देऊ नये, एवढीच खबरदारी पुरे.

शिरस्त्राणाविषयी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ स्पष्ट आहे. पुण्यात त्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, निवेदनेही दिली गेली. परंतु डांबरी रस्त्याने त्यांची दखल घेतल्याचे अद्याप आढळत नाही. तेव्हा हेल्मेट आरशाला अडकविण्याऐवजी डोक्यावर ठेवून त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधावा.

येणेप्रमाणे उपदेशकांचा बंदोबस्त झाल्यावर एक अपवाद नमूद करणे प्राप्त आहे. आपण नुकतेच रस्त्यास लागला असता शेजारून जाणारा सर्वस्वी अनोळखी इसम हातवारे करून ‘ओ, स्टँड! स्टँड!’ असे ओरडला, तर त्याच्या अधिकाराची शहानिशा करीत बसू नका. डाव्या वळणावर साइड स्टँड रस्त्यास टेकून गाडी उलथण्यापूर्वी सावकाश कडेला थांबून तो वर घ्या, आणि निःस्वार्थ बुद्धीने दिलेला तो एकमेव उपदेश पुढे दिसेल त्या स्वारास बिनदिक्कत ओरडून सांगा.