दहा सेकंदांचा पराक्रम

माझ्या पोटऱ्यांबद्दल माझं मत फार चांगलं आहे. ते आणखी कुणाचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोटऱ्या पाठीमागे असतात, त्या माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त दिसतात, तेव्हा त्यांनीच काय ते नीट बघून घ्यावं.

या मताला आधार आहे तो तालुक्याचा. पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, पोहे आणि पापड आठवतात. मला गागोदे आठवतं. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे तिथे जन्मले. गागोदे वेगळं, आमचं जिते वेगळं, पण तालुका एकच. 1951 च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि हा पंचावन्न वर्षांचा माणूस तिथून पुढे जो चालत सुटला तो तेरा वर्षं चालतच राहिला. नेहरूंनी चर्चेला दिल्लीला बोलावलं, तर पवनारहून पायी निघाला. एकूण पन्नास हजार किलोमीटरांच्या वरच झाले म्हणतात. अशा माणसाच्या तालुक्यातलं पाणी प्यायल्यावर पोटरीत काहीतरी उतरणारच, असं मला मनापासून वाटतं. मी हे बोलून दाखवलं की लोक माझ्या गावाच्या नावावरून एक म्हण ऐकवतात. ही त्यांची खोड काही जात नाही.

भाच्याने वाढदिवसाला मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दिल्यापासून या वाटण्याला आकडे मिळू लागले. पावलं, ठोके, रक्तातला ऑक्सिजन, जळलेल्या कॅलरी, सगळं. सकाळी मी स्टेशनच्या रस्त्याने झपझप निघतो आणि दर शंभर पावलांनी मनगटाकडे बघतो. कोपऱ्यावरच्या आजींनी एकदा विचारलं, "सकाली सकाली खाली बघत कला फिरतंस रं? काय हरवलाय?" दहा हजार पावलं पुरी करायची आहेत, असं मी सांगितलं. "कुनी सांगलाय?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर मी घरी येऊन शोधलं. वैद्यकशास्त्राने नव्हे, 1965 साली जपानमधल्या यामासा नावाच्या कंपनीने. टोकियो ऑलिंपिक नुकतं झालं होतं, लोकांना तब्येतीचं वेड लागलं होतं आणि कंपनीला पावलं मोजायचं यंत्र खपवायचं होतं. हे मी आजींना कळवलं नाही. सगळंच सांगायचं नसतं.

चालण्यात मात्र पोटऱ्यांची खरी परीक्षा होत नाही. ती होते दिवा-रोहा मेमूच्या वेळी. जित्याला मुंबईच्या लोकलसारखी दर चार मिनिटांनी गाडी येत नाही. ही गेली की दिवसाचा बेतच बदलतो. त्यामुळे गाडी फलाटाला लागलेली आणि मी अजून वळणावर, अशी वेळ आली की मी धावतो. आणि त्या धावण्यातले पहिले दहा सेकंद, मी खोटं बोलत नाही, बघण्यासारखे असतात.

त्यांचं श्रेय माझं नाही, हे पुढे वाचनात आलं. स्नायूचा तंतू आखडतो तो एटीपी नावाच्या रेणूवर. भात, भाकरी, वडापाव, काहीही खा, स्नायूला चालतं ते एटीपीच. आणि स्नायूत त्याचा साठा किती? जीव तोडून धावलं तर जेमतेम दोन सेकंद पुरेल एवढा. शरीरात एका वेळी असलेलं सगळं एटीपी जमवलं तर पाव किलोही भरणार नाही. पण ते सारखं मोडतं आणि सारखं जुळतं, आणि दिवसभरात असं जुळलेलं सगळं मोजलं तर ते माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या घरात जातं. दोन सेकंदांनंतर तातडीने ते जुळवून देतो क्रिएटिन फॉस्फेट. तो दहाएक सेकंद साथ देतो. माझा पराक्रम तेवढाच. त्यानंतर साखर ऑक्सिजनशिवाय फोडण्याचा मार्ग पुढे होतो. तो झटपट असतो, पण एक-दोन मिनिटांत मांड्या पेटतात. त्याहून लांब जायचं तर चौथा, सावकाश मार्ग: ऑक्सिजन घेऊन साखर आणि चरबी जाळण्याचा. विनोबा तेरा वर्षं या चौथ्या मार्गाने चालले. मी गाडीपर्यंत पहिल्या तिघांवर पोचतो आणि चौथा येईपर्यंत गाडी गेलेली असते.

शिवाय स्नायूला मिळालेल्या ऊर्जेतली फार तर पाव ऊर्जा कामाला येते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे मी धावतो असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात मी मुख्यतः तापत असतो. आराम करताना हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंना जातो. जोरात धावलं की हृदय वीस लिटरांवर जातं आणि पाचांतले चार हिस्से स्नायू ओढून घेतात. ते कुठून तरी कमी करावे लागतात, आणि पहिली कुऱ्हाड पोटावर पडते. नुकतेच खाल्लेले पोहे तेव्हा आतून निषेध नोंदवतात. पोहे पेणचे असले तरी.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तेव्हा मी ऐटीत म्हणायचो, "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय." तेही खरं नाही. धावणं थांबल्यावर तासाभरात ते आवरलेलं असतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं सवय नसलेल्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं. "सवय नसलेल्या" हे दोन शब्द मी सहसा गाळतो.

आता हा क्रिएटिन फॉस्फेट कुणी शोधला, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घरात आता हा विषय निघाला की लोक ताटं उचलतात. तुम्हाला ताटं नाहीत, तेव्हा ऐका. यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म आंध्रातल्या भीमावरमचा आणि साल, लक्ष द्या, 1895! ज्या वर्षी आमच्या तालुक्यात भारत पायाखाली घालणारा माणूस जन्मला, त्याच वर्षी तिकडे पायांत काय जळतं ते शोधणारा माणूस जन्मला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. बायको म्हणाली, त्या वर्षी आणखीही पुष्कळ लोक जन्मले असतील. असतील.

सुब्बाराव मद्रासला वैद्यकी शिकले, 1923 मध्ये बोस्टनला गेले, पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीला हमालाचं काम केलं. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर शरीरातला फॉस्फरस मोजायची रीत काढली. ती फिस्क-सुब्बाराव यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या मोजणीतून 1927 मध्ये क्रिएटिन फॉस्फेट हाती लागला. 1929 मध्ये एटीपी. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते त्याच वर्षी सापडलं. तोवर स्नायू आखडण्याची सगळी कथा लॅक्टिक अ‍ॅसिडभोवती फिरत होती आणि त्या अभ्यासासाठी हिल आणि मायरहॉफ यांना 1922 सालचं नोबेलही मिळून गेलं होतं. सुब्बारावांना हार्वर्डने कायमची जागासुद्धा दिली नाही. 1940 मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या हाताखालच्या लोकांनी प्रयोगशाळेत फॉलिक अ‍ॅसिड बनवलं. त्यांचा भाऊ स्प्रू नावाच्या रोगाने गेला होता आणि त्या रोगातलं रक्त कमी होणं फॉलिक अ‍ॅसिडने भरून येतं. कर्करोगावरचं मेथोट्रेक्सेट त्यांच्याच हाताखालचं, ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्याच हाताखालचं. 1948 मध्ये गेले. भारताने शंभराव्या वर्षी टपालाचं तिकीट काढलं. माझी गाडी चुकते तेव्हा मला लोको पायलटचा राग येत नाही, हार्वर्डचा येतो.

असो. घड्याळातल्या कॅलरी राहिल्याच.

सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण अर्धी ते पाऊण किलोकॅलरी लागते. माझं वजन इथे छापायचं कारण नाही, ऐंशी धरा. म्हणजे किलोमीटरला पन्नासेक. हायवेवरचा एक वडापाव तीनशेच्या आसपास, म्हणजे सहा किलोमीटर. आणि अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 किलोकॅलरी. तेवढी निव्वळ चालून घालवायची तर जित्याहून मुंबई-गोवा महामार्गाने निघून कशेडी घाट चढून-उतरून खेडच्या आसपास पोचावं लागेल, वाटेत काही न खाता. या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. माझं वजन कमी करण्याचं कामही तेव्हापासूनचंच. दोन्हीकडे फलक लागलेत.

यात भर घातली हर्मन पॉन्ट्झर नावाच्या अमेरिकी संशोधकाने. टांझानियातले हाड्झा लोक अजून शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात, दिवसभर हिंडतात. त्यांचा ऊर्जेचा खर्च मोजून त्याने 2012 मध्ये छापलं की शरीराचा आकार लक्षात घेतला तर खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसापेक्षा तो वेगळा नाही. हालचाल वाढली की शरीर आतल्या आत दुसरीकडे काटकसर करतं, असं त्याचं म्हणणं. व्यायामाने हृदय सुधारतं, साखर आटोक्यात राहते, झोप लागते. वजनाचं मात्र ताटातच बघावं लागतं. घड्याळ मला रोज कॅलरींचा जो भरघोस आकडा दाखवतं, त्याचंही असंच. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी अशी सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरींत सगळ्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट 93 टक्क्यांनी. माझं घड्याळ नेमकं कोणत्या गटातलं, ते मी बघितलेलं नाही. नातं टिकवायचं असलं की काही गोष्टी बघू नयेत.

घड्याळाची खरी परीक्षा झाली ती गेल्या लावणीला. शेजारच्या काकी सकाळपासून चिखलात वाकलेल्या होत्या. मी बांधावरून जात होतो, व्यायामाचे बूट घालून. हौसेने ते घड्याळ त्यांच्या हातात बांधलं, म्हटलं, दुपारपर्यंत राहू दे. त्यांनी ते चिखलाच्या वर कोपराजवळ सरकवलं आणि पुन्हा रोपांची मूठ सोडवायला लागल्या. लावणी करणारी बाई मागे मागे सरकते, एकेक वीत. दुपारी बघितलं तर पावलं माझ्या सकाळच्या फेरीच्या पावपटही नव्हती. वर पडद्यावर सूचना आली होती: तुम्ही बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला.

आम्ही दोघं हसलो. मग मी ठोक्यांचा आलेख उघडला. सकाळपासून दुपारपर्यंत तो खाली आलाच नव्हता. मी स्टेशनचा चढ दामटताना जो आकडा बघून खूश होतो, त्याच्याही वर. "काकी, दम लागतो का?" विचारलं. "लागतं. आता वय झायलं." वय माझ्यापेक्षा कमी. त्याआधी एका ठिकाणी तपासायला गेल्या होत्या, तेव्हा थकवा येतो म्हटल्यावर त्यांना सल्ला मिळाला होता: रोज थोडं चालत जा.

इथे मला विनोद सुचत नाही. त्यांच्या कागदावर हिमोग्लोबिन आठ लिहिलेलं होतं. बाईला बारा हवं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. म्हणजे बाराच्या बाईचं शंभर मिलिलिटर रक्त सोळा मिलिलिटर ऑक्सिजन नेतं, आठच्या बाईचं पावणेअकरा. तेवढीच रोपं लावायला तिच्या हृदयाला दीडपट रक्त फिरवावं लागतं. आणि लोह नुसतं रक्ताला लागत नाही. पेशींत जिथे ऑक्सिजन वापरून एटीपी जुळतं, तिथल्या प्रथिनांनाही लागतं. चौथा मार्गच अरुंद. त्या मार्गाने तिने सकाळभर वाकून काम करायचं, वर डोक्यावर हंडा, वर घरी येऊन भाकऱ्या, आणि थकली म्हटलं की तिला चालायला सांगायचं! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायांचं हिमोग्लोबिन असं कमी निघालं, 54 टक्के. मी घाम गाळतो त्याला व्यायाम म्हणतात, माझ्या रक्तातला ऑक्सिजन दर तासाला मोजला जातो आणि तो नेहमी छान असतो. हे यंत्र चुकीच्या मनगटावर आहे.

आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या काकींच्या फळीवर तशाच होत्या. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड. फॉलिक अ‍ॅसिड! मी लगेच म्हटलं, "काकी, या गोळीत जे आहे ना, ते करणारा माणूस 1895 मध्ये..." काकींनी हात वर केला. माझी कीर्ती बांधापलीकडेही गेलेली दिसली. मग मी थोडक्यात सांगितलं की गोळी रोज घ्यायची आणि चहाबरोबर घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्या.

"चाय सोरू? मंग काम कोन करंल, तुजा घर्‍याल?"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. काकी चहाच्या आधी तासभर गोळी घेणार, रोज, न चुकता, आणि पुन्हा रक्त तपासून घेणार. त्याबदल्यात येत्या लावणीला मी एक सकाळभर त्यांच्या वावरात वाकणार, घड्याळ घरी ठेवून. त्यांनी शब्द पाळलाय. हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेलंय आणि परवा बांधावरून माझ्या पोटऱ्यांकडे बघून त्यांनी सुनेला काहीतरी सांगितलं; दोघी बराच वेळ हसत होत्या.

मृग तोंडावर आलाय. पाऊस यंदा जरा उशिराच यावा असं मनातल्या मनात म्हणणारा अख्ख्या पेण तालुक्यात मी एकटाच असेन.