आमच्या रस्त्याचं घर्षण नेणाऱ्या डंपरमालकांस

श्री. रा. रा. डंपरमालक साहेब यांसी,


पौडच्या पुढे डोंगर फोडून प्लॉट पाडण्याचं आपलं काम जोरात आहे. आपले डंपर मुख्य रस्त्यावर लाल मातीचे पट्टे ओढत जातात. एवढ्या व्यापातून आमचा रस्ता रंगवून देता, त्याबद्दल आधी आभार मानतो.

डांबरात खडीची बारीक टोकं वर आलेली असतात. गाडीच्या वजनाने टायरचं रबर त्यांच्यात दबतं, धरून राहतं, म्हणून गाडी थांबते. आपल्या कृपेने ती टोकं लिंपून निघाली. वर मुळशीच्या पावसाची एक सर आली, की रबराची आणि खडीची गाठच पडत नाही.

ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक 0.7 धरला तर, ब्रेक लागल्यापासून 20 मीटरमध्ये उभी राहते. तोच 0.2 वर आला, की 70 मीटर लागतात. वरचे 50 मीटर आपण आम्हाला फुकट दिलेत. त्या 50 मीटरमध्ये एसटीतून उतरलेली आजी असते, शाळा सुटलेली पोरं असतात.

ताम्हिणीकडच्या उतारांवर तर आपली मेहेरबानी आणखी मोठी. दर 10 मीटरला 1 मीटर उतार असेल आणि घर्षणांक 0.1 पर्यंत घसरला, तर ब्रेक कितीही दाबा, वेग कमी होतच नाही.

आमच्या दूधवाल्यालाही आपण विसरला नाहीत. मोटरसायकल वळणावर कलते आणि तरी पडत नाही, ती चाकाखालच्या घर्षणाच्या जोरावर. परवा आपल्या पट्ट्यावर त्याचं पुढचं चाक सरकलं. दोन्ही किटल्या आदळल्या, दूध लाल होऊन गटाराकडे गेलं. पट्टा संपला तिथे डांबर कोरडं होतं. टायरला हवं होतं ते घर्षण त्याच्या कोपराला मिळालं. सालटं लोंबत असताना त्याने आधी किटली उचलून आत किती उरलंय ते पाहिलं.

ऊन पडलं तरी आपली सेवा खंडित होत नाही, हे विशेष. चिखल वाळतो, त्याचे खडे सुटतात आणि ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तशी चाकं निसटतात.

चिखलाचं आम्हाला वावडं नाही, साहेब. इंद्रायणी, आंबेमोहोर भात लावायचा तर चिखलणी करावीच लागते. पण तो चिखल खाचरात राहतो. बांध फुटला तर शेतकरी भर पावसात जाऊन तो पुन्हा घालतो, कारण माती त्याची आहे. आपली माती मात्र फाटकाबाहेर पडली की आमची होते. डोंगर आपल्या सातबाऱ्यावर असेल. रस्त्याचं घर्षण नाही.

विनंती फार मोठी नाही. फाटकाशी पाण्याची मोटर, एक पाईप, खडीचा लांब पट्टा आणि चाकं धुवायला एक माणूस. हौद्यावर ताडपत्री. तरी सांडलंच, तर त्याच दिवशी रस्ता धुऊन घ्यावा. डंपर भरायला लागतो त्याहून कमी वेळ चाकं धुवायला लागेल.

सोमवारी फाटकाशी पाईप दिसला, तर आभार मानायला स्वतः येईन. नाही दिसला तरी येईन. तेव्हा दूधवाला सोबत असेल आणि पोरांचे आईबापही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रोज याच रस्त्याने जाणारा