अभिलेख कक्षाची शास्त्रशुद्ध मांडणी : कार्यालयीन मार्गदर्शिका

कागद जपून ठेवणे आणि मागितलेला कागद सापडणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे अभिलेख व्यवस्थापनाचे पायाभूत तत्त्व होय. ज्या कार्यालयाला ते उमगते, तेथे पहिली क्रिया निष्ठेने पार पडते आणि दुसरी क्वचितच उद्भवते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 अन्वये सर्व अभिलेख सूचीबद्ध ठेवणे बंधनकारक असल्याने सूची अवश्य तयार करावी, सुवाच्य अक्षरात करावी, आणि ज्या कपाटातील कागदांची ती सूची आहे त्याच कपाटात कुलूपबंद ठेवावी.

मेजावरील कागदांसाठी शासनमान्य सहा गठ्ठे पद्धत आहे. तीत चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद असे सहा भाग पडतात. अनुभवी लिपिक त्यांत कपाटाच्या माथ्यावरील सातव्या गठ्ठ्याची भर घालतो. या गठ्ठ्याचा उल्लेख कोणत्याही परिपत्रकात नसल्यामुळे तपासणीत त्याविषयी प्रश्न निघत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पुढची पायरी वर्गीकरणाची : ‘अ’ वर्गाचा कागद कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क-1’ व ‘क’ पाच ते दहा वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष ठेवायचा असतो. वर्गाविषयी शंका आल्यास संचिकेवर काहीच लिहू नये. बिनवर्गाची संचिका नष्ट करता येत नाही आणि कोणत्याही फडताळात शोधताही येत नाही.

गठ्ठा ज्या कापडात बांधतात त्याला दप्तरी भाषेत रुमाल म्हणतात. रुमालावर गावाचे नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी खळीने चिकटवावी, कारण खळ कसरीला प्रिय असते आणि दोन पावसाळ्यांत चिठ्ठी नाहीशी होऊन सर्व रुमाल एकसारखे दिसू लागतात.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना इतिहासाने जी अनुकूलता दिली आहे, ती पुण्या-साताऱ्याच्या वाट्याला आली नाही. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने जुने महसुली दप्तर बरेचसे उर्दूत आहे, काही मोडीत आहे. उदगीर, अहमदपूर व निलंगा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट त्याच वर्षी आदिलाबादेतून नांदेडला आले, आणि लातूर जिल्हा तर 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. त्यामुळे उदगीरच्या अर्जदाराला लातूरहून धाराशिव, तेथून बीदर आणि शेवटी हैदराबाद असा मार्ग दाखवताना एकही असत्य विधान करावे लागत नाही. अर्जदार चिकाटीने परतलाच, तर लिपीचा प्रश्न शिल्लक असतोच.

या शास्त्राला गंभीर धक्का बसला तो 2023 मध्ये. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि खासरा पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे गाव नमुना 14 अर्थात कोतवाल बुक, शाळांची प्रवेश निर्गम रजिस्टरे असे सारे बाहेर काढून झटकले गेले. मोडी व उर्दू जाणणारे लोकही मिळाले. शोधले तर सापडते, ही बाब अशी चारचौघांत सिद्ध होणे कार्यालयीन शिस्तीला पोषक नव्हे. अशा वेळी ‘ही विशेष मोहीम होती’ असा शेरा मारून रुमाल पूर्ववत बांधावेत, मात्र क्रम बदलून.

संगणकीकरणालाही घाबरण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणी नोंदवही, स्कॅन करून प्रत्येक पानाच्या फाइलला ‘स्कॅन 1’, ‘स्कॅन 2’ अशी नावे द्यावीत. वाळवीला जे साधायला वर्षे लागतात, ते येथे एका दुपारी साधते.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 मध्ये कारावासाचीही तरतूद असल्याने कागद ‘गहाळ झाला’ असे कधीही लिहू नये. ‘संचिका तूर्त आढळून येत नाही, शोध चालू आहे’ हे उत्तर मुदतीत, जावक क्रमांकासह द्यावे आणि त्याची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहणारी प्रत, ‘ड’ वर्गात टाकावी, म्हणजे वर्षभराने ती नियमानुसार नष्ट होऊन तोच अर्जदार पुन्हा आल्यास तेच उत्तर प्रथमच दिल्याप्रमाणे देता येते.