शिक्का कपाटात, पासवर्ड परगावी

माणूस बदलला की दप्तर ताब्यात घ्यायची आपल्याकडची रीत पक्की आहे. ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने, पावतीपुस्तकं, शिक्का, कपाटाच्या चाव्या, सगळं मोजून, सही घेऊन हातात पडतं. संस्थेचा ईमेल मात्र कुणी मागतच नाही. तो जुन्या सचिवाच्या मोबाइलवर असतो आणि सचिव एव्हाना नाशिकला पोचलेला असतो.

खोडाळ्यासारख्या गावाला हे परवडणारं नाही. तालुक्याच्या कामाला मोखाडा, जिल्ह्याच्या कामाला पालघर. २०१४ साली ठाण्यातून जिल्हा वेगळा झाला, तरी घाट उतरणं काही सुटलं नाही. एक कागद पोचवायला अख्खा दिवस मोडतो. इथं ईमेल म्हणजे वाचलेलं एसटीचं भाडं आणि वाचलेली त्या दिवसाची मजुरी. नागली-वरई विकायला शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी काढली, तर कंपन्यांच्या सरकारी पोर्टलवरचा ओटीपीही ईमेलवर येतो. तो ईमेल ज्याच्या हातात, कंपनीचा कारभार त्याच्या हातात.

मग संस्थेच्या नावाचा ईमेल हवा म्हणून कुणीतरी साइट करून देतो. पैसे बचत गटाचे, डोमेन (साइटचं नाव) त्याच्या नावावर, होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) त्याच्या खात्यात. मालकी गेली म्हणजे काय होतं, हे मोखाड्याला मी काय सांगणार? इथल्याच मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट बघतात. निदान आपली पत्रं तरी आपल्या ताब्यात असू द्या.

होस्टिंगच्या मागे एक कंट्रोल पॅनेल असतं. १९९६ पासून चालत आलेलं सीपॅनेल त्यातलं सर्वांत ओळखीचं. स्मार्टफोन वापरणाऱ्या कुठल्याही ताईला ते जमेल. ‘ईमेल अकाउंट्स’मध्ये जायचं, नाव टाकायचं, पासवर्ड ठरवायचा, जागेची मर्यादा द्यायची. नाव माणसाचं नको, कामाचं हवं: अध्यक्ष, हिशेब, विक्री. अध्यक्ष बदलल्या तर पासवर्ड बदला, पत्ता तोच राहू द्या.

आणि खातं डिलीट करू नका, हे हात जोडून सांगतो. सीपॅनेलमध्ये खातं काढलं की आतली पत्रंही जातात; मंजुरी, ऑर्डर, बँकेशी झालेला व्यवहार, सगळं. त्याच पानावर लॉगिन तेवढं थांबवण्याची सोय आहे. येणारं पत्र नव्या माणसाकडे वळवणारा फॉरवर्डरही आहे. हे दोन पर्याय संस्थेची कितीतरी वर्षं वाचवतात.

दुसरा घोळ पैशांचा. पत्रं साइटच्याच सर्व्हरवर असतात. होस्टिंगचं नूतनीकरण चुकलं की साइट बंद आणि टपालही बंद. पेटी गच्च भरली तरी नवं पत्र परत जातं, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की गट मोडला.

पाठवलेलं पत्र पोचतच नाही, ही तक्रारही असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम आवळले आहेत: पाठवणाऱ्या डोमेनवर एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. पहिलं सांगतं की कुठल्या सर्व्हरला या नावाने पत्र पाठवायची परवानगी आहे. दुसरं पत्रावर तपासता येईल अशी डिजिटल सही करतं. दोन्ही नसतील तर पापडांचं दरपत्रक स्पॅममध्ये पडतं किंवा नाकारलं जातं. पॅनेलमधल्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’त काय कमी आहे ते दिसतं, आणि डोमेनच्या नोंदी तिथेच असतील तर दुरुस्तीचं बटणही तिथेच आहे. साइट करणाऱ्याने हे केलंय का, असं थेट विचारा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

पदभाराच्या यादीत आता चार ओळी वाढवा: डोमेन कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते, पॅनेलचा पासवर्ड कोणत्या बंद पाकिटात, पासवर्ड विसरल्यास कोड कोणत्या मोबाइलवर येतो. हा तालुका आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखालचा. जंगल-जमिनीवर बोलायचा हक्क असलेल्या ग्रामसभेला एवढी चौकशी जड नाही. १५ ऑगस्टच्या सभेत विषय घ्या. साइट करणाऱ्यालाही बोलवा, पासवर्ड त्याच्याकडून सगळ्यांसमोर घ्या आणि तिथल्या तिथे बदला.