राजेशाही पडसं

आमचं वाशीम म्हणजे एकेकाळचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्यामुळे असेल, पण मला साधी सर्दी होत नाही. ती इतरांना होते. मला पडसं येतं, आणि ते आलं की घरानं सगळे कारभार थांबवावेत एवढीच माझी माफक अपेक्षा असते.

पहिल्या शिंकेलाच गल्ली सल्ला घेऊन हजर. "भाऊ, ओवा तव्यावर गरम करा अन् फडक्यात बांधून हुंगा." "अडुळशाचा काढा घ्या." "रात्री हळदीचं दूध, पण हळद घरची पाह्यजे." मी पडलो शिकलेला. सगळ्यांना ऐकवतो की सर्दीच्या रायनोव्हायरसचे शंभरावर प्रकार आहेत. इंग्लंडात सॉल्सबरीला १९४६ साली सर्दीसाठी खास संशोधन केंद्र निघालं, धडधाकट माणसांना मुद्दाम सर्दी लावून तपासलं, आणि १९९० साली ते बंद झालं तरी रामबाण औषध काही हाती लागलं नाही. एवढं ऐकून गल्ली पांगली की मी गुपचूप ओवा हुंगतो.

त्या साहेबांना शेंगोळे कुणी खाऊ घातले नाहीत, हे माझं निदान. हुलग्याचं पीठ, जोडीला थोडं ज्वारीचं. त्यात वाटलेला लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ. पीठ घट्टच हवं, सैल झालं की रश्श्यात विरघळून त्याचं पिठलं होतं. तळव्यावर वळून बोटाएवढ्या वळ्या करायच्या, टोकं जुळवायची, आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक शेंगोळा सोडायचा. वरून कच्चं तेल की तूप, यावरून आमच्या नात्यात दोन तट आहेत. मी कट्टर तेलवाला. पहिल्या घोटाला नाक वाहतं, दुसऱ्याला डोळे, तिसऱ्याला कपाळ. विषाणू यानं मरत नाही, हे मलाही कळतं. तिखटानं नाक सुटतं, वाफेनं घशाला बरं वाटतं, बाकीचं काम शरीर आपल्या सवडीनं करतं. पण श्रेय मी शेंगोळ्यांनाच देतो. हुलगे बैलांचं खाणं म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. त्याचं नाक निदान मोकळं आहे.

फक्त हे वळायला बराच वेळ ओट्याशी उभं राहावं लागतं. उभी राहते बायको. परवा वळता वळता तिनं पदरात शिंक दाबली.

"तुलाही झालं का?"

"सोमवारपासून आहे. तुमचं आटपू द्या आधी."

माझं पडसं गल्लीभर गाजतं आणि तिची सर्दी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही, यावर विनोद सुचेना. आईला पडसं आल्याचंही मला आठवत नाही. येत नव्हतं असं कसं म्हणू? आमच्या शिंकांच्या गलक्यात तिची कुणाला ऐकू आली नसेल. सगळ्यांना काढे पाजणारीला काढा कोण देतं, हे सॉल्सबरीतही कुणी तपासलं नसावं.

तेव्हा वाचकहो, घरात ती शिंकली तर सल्ला देऊ नका, परातीत पीठ घ्या. शेंगोळे वाकडे झाले तरी बिघडत नाही; रस्सा तितकाच तिखट होतो.