आधी जिने चढून या

सुरतजवळच्या चलथाणमध्ये कायद्याचं शिक्षण फुकट मिळतं. गांधीनगरहून प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कागद येतो, पाठोपाठ वीज कंपनीचा माणूस खांबावर चढतो आणि डाइंगच्या खात्यातलं जेट मशीन पोटात ओलं कापड घेऊनच थांबतं. जल कायद्याच्या कलम ३३ अ खाली कारखाना बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा, सगळं मंडळाला सांगता येतं. सांडपाण्याचा प्लांट चालवायला कारखान्याच्या शेठना इतके दिवस वीज परवडत नव्हती. आता ती खरोखरच नाही.

शेठ गरजले, "उद्याच अहमदाबादला हायकोर्टात रिट टाका!"

वकीलसाहेब म्हणाले, "आधी अपील. कलम ३३ ब. हरित न्यायाधिकरण."

"ते कुठे असतं?"

"पुण्यात."

डाइंग मास्तर अमळनेरचे. त्यांना आनंद झाला, पुण्यात त्यांची भाची असते. शेठचा चेहरा मात्र उतरला. हुकूम गांधीनगरचा, अपील पुण्याचं, त्यावर पुन्हा दाद मागायची तर दिल्ली. अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०, त्यापुढे एक दिवसही नाही. हायकोर्टाचा नियम असा: आधी हे जिने चढून या, मग बोला.

हा नियम भिंतीसारखा पक्का असता तर वकिलांची उपासमार झाली असती. १९९८ साली व्हर्लपूल कंपनीच्या ट्रेडमार्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्क डावलला असेल, बाजू न ऐकता निकाल दिला असेल, अधिकारच नसताना हुकूम काढला असेल किंवा कायद्यालाच आव्हान असेल, तर थेट हायकोर्टात येता येतं. धुलाई यंत्रांची कंपनी, पण तेव्हापासून कापड रंगवणारेही तिचं नाव घेतात. आमची बाजू ऐकलीच नाही, हे प्रत्येक रिटमध्ये असतंच. नाल्यात काय सोडलं, ते पुढे कधीतरी.

दार चुकलं तर काय होतं, ते स्टरलाइटला विचारा. रत्नागिरीकरांनी १९९३ साली या तांब्याच्या कारखान्याचं काम बंद पाडलं, तो तुतिकोरिनला गेला. २०१८ मध्ये तिथे आंदोलकांवर गोळीबार होऊन १३ माणसं मेली आणि कारखान्याला टाळं लागलं. कंपनी हरित न्यायाधिकरणात गेली, डिसेंबरमध्ये जिंकली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, न्यायाधिकरणाला हा अधिकारच नव्हता, हायकोर्टात जा. तिथे २०२० मध्ये हरली, सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये पुन्हा हरली.

जीएसटीवाल्यांची तर न्यारीच कथा. २०१७ च्या कायद्यात अपिलीय न्यायाधिकरण होतं, उद्घाटन झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात सरकारने मोठ्या मनाने ठरवलं, अध्यक्ष रुजू होईपर्यंत अपिलाची मुदत सुरू होणार नाही. न बांधलेल्या जिन्यावरून कुणी पडू नये, एवढी काळजी घेणारं सरकार सगळ्यांनाच लाभत नाही.

मास्तरांनी परवा शेठना विचारलं, "मग काय ठरलं? पुण्याला अपील की अहमदाबादला रिट?"

"दोन्ही," शेठ म्हणाले. "आणि शेजारच्या शेडसाठी मेव्हण्याच्या नावाने मंडळाकडे नव्या संमतीचा अर्ज टाकलाय. तुम्ही एक तारखेपासून तिकडे या."

मास्तरांनी भाचीला फोन करून येणं रद्द झाल्याचं कळवलं.