शनिवारचा बटाटा

महाबळेश्वरच्या घरगुती खानावळीत शनिवारी रात्री तुमच्या ताटात काय पडणार, हे पुण्याच्या मार्केट यार्डात शुक्रवारीच ठरून गेलेलं असतं. कारण अगदी साधं आहे. यार्डाच्या तरकारी विभागाला शनिवारी सुट्टी, आणि उभा महाराष्ट्र सहकुटुंब घाट चढतो तो नेमका शनिवारी. रविवारी पहाटे गुलटेकडीच्या या यार्डात आठवड्यातली सर्वांत मोठी आवक होते, टेम्पोला टेम्पो लागलेला असतो, कोथिंबिरीच्या जुड्या लाखांत मोजतात. त्या वेळी वर पाहुणेमंडळी कानटोप्या घालून सूर्योदयाची वाट पाहत असतात, आणि ही ताजी भाजी वर पोचेपर्यंत त्यांच्या गाड्या पसरणीचा घाट उतरायला लागलेल्या असतात. म्हणजे शनिवार-रविवारच्या पाहुण्याच्या वाट्याला येतो तो बहुतेक शुक्रवारचा माल, आणि शुक्रवारच्या मालात रविवारपर्यंत इमानेइतबारे टिकून राहतो तो बटाटा. त्या बटाट्याच्या भाजीला आपण ‘काय गावरान चव आहे!’ अशी दाद देतो. ती दाद खरं म्हणजे आग्र्याला किंवा इंदूरला पोचती करायला हवी, कारण यार्डात उतरणाऱ्या बटाट्याचा मोठा वाटा तिकडून येतो.

आता कुणी म्हणेल, महाबळेश्वरची भाजी पुण्याहूनच जाते हे कुणी सांगितलं? मध्ये वाई आहे, साताऱ्याला स्वतःचा बाजार आहे. कबूल. पण वाईच्या व्यापाऱ्याने लसूण काही परसात लावलेला नसतो. यार्डातला लसूण मध्य प्रदेशातून येतो, शेवगा दक्षिणेतून, आणि लहान बाजाराचं वेळापत्रक मोठ्या बाजाराच्या मागे मागे चालतं. मटाराचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात यार्डात मटार येतो तो हिमाचलातून. मे महिन्यात महाबळेश्वरला बसून मटार उसळ खाणारा गृहस्थ एका थंड हवेच्या ठिकाणी दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणची भाजी खात असतो, आणि त्या मटाराचा मधला मुक्काम असतो गुलटेकडी, जिथे मे महिन्यात सावलीलासुद्धा घाम फुटतो. स्ट्रॉबेरी मात्र उलट्या दिशेने प्रवास करते. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळाभर खाली यार्डाच्या फळ विभागात येते. तेव्हा डोंगरावरचं खाली येतं आणि खालचं वर जातं, आणि आपण वर जाऊन विचारतो, ‘इथलं स्पेशल काय?’

माझं म्हणणं असं, की घरगुती खानावळीचं घरगुतीपण मसाल्यात, चुलीच्या धुरात किंवा मालकिणीच्या मायेत शोधू नये. ते तिच्या नकारात असतं. ‘वांगं संपलं.’ ‘आज मटकीच आहे.’ ‘भाकरी हवी होती तर सकाळी सांगायचं ना!’ घर या संस्थेची हीच तर मुख्य खूण आहे. स्वतःच्या घरी जेवायला बसलेल्या माणसापुढे आजवर कुणी मेनूकार्ड ठेवलेलं नाही. एखाद्याने आजच्या भाजीबद्दल मत दिलंच, तर त्याला उद्याची भाजी आणायला पाठवतात. घाटावरची खानावळ हेच करते, फक्त पैसे घेऊन. आणि हा नकार मालकिणीच्या स्वभावातून येत नाही. तो तिच्या हिशोबातून येतो.

हिशोब असा. यार्डाचे भाव वर्तमानपत्रात दहा किलोंचे छापतात, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. हा बाजार पोत्यांच्या भाषेत बोलतो. चार टेबलांच्या खानावळीला लागतात तीन किलो वांगी आणि सहा जुड्या मेथी. त्यांच्यासाठी कुणी गाडी भरत नाही. तेव्हा मेथीवर भरवसा ठेवण्यापेक्षा कांदा, बटाटा, तांबडा भोपळा, कोबी आणि भुसार विभागाच्या कृपेने कडधान्यं, यांच्यावर संसार रचावा लागतो. माथेरानला तर आणखी कठीण. तिथे मोटारगाड्यांना बंदी, दस्तुरी नाक्याच्या पुढे सामान जातं ते घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून. मेनूत वाढलेली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी पाठीवरून वर जायची आहे हे एकदा लक्षात आलं, की ‘पनीरमध्ये अजून काय काय आहे?’ हा प्रश्न विचारताना जीभ थोडी अडखळायला हवी. अडखळत नाही, हा भाग वेगळा.

याच्या उलट बाजारपेठेतलं मोठं हॉटेल. तिथलं मेनूकार्ड विवाहसूचक मंडळाच्या वहीइतकं जाड असतं आणि त्यातली स्थळंही तशीच, नावं निराळी पण गोत्र एक. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्यांच्या पातेल्यांतून पनीरचे सारे अवतार निघतात. तिथे ‘नाही’ म्हणायची वेळच येत नाही, कारण काहीही मागा, ते त्याच पातेल्यातून येणार. फ्रीजरमध्ये मटार बारा महिने गोठलेला, पनीरच्या लाद्या रचलेल्या. पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि ‘जैन मिळेल’. यातल्या चायनीजबद्दल मात्र एक शब्द बोलायला हवा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी आणून ठेवले होते. 1864 साली तो तुरुंग बंद होईपर्यंत हे कैदी तिथे मळे कसत, बटाटा आणि विलायती भाज्या पिकवत. त्यामुळे महाबळेश्वरच्या मातीवर पंजाबीपेक्षा चायनीजचा हक्क जुना आहे, आणि शेजवान राइस मागवणाऱ्या माणसाने ओशाळायचं काही कारण नाही. फक्त त्या कैद्यांना तो पदार्थ ओळखता आला नसता.

‘मग खानावळवाल्यांनी तिथल्याच शेतातली ताजी भाजी का घेऊ नये?’ हा आक्षेप नेहमी शहरातून येतो आणि ऐकायला फार गोड वाटतो. घेतात की. गाजर, फरसबी, बीट आसपास होतं आणि हाती लागलं तर ताटात येतंही. पण शेतकऱ्याला एकदम माल उचलणारा गिऱ्हाईक हवा असतो. काटा, आडत्याची पट्टी आणि रोकड हे सगळं त्याला मोठ्या बाजारात मिळतं. खानावळीत मिळतं ते ‘दोन किलो टाका, पैसे रविवारी’. शिवाय महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात सातशेच्या आसपास पडला तरी आपण खड्ड्यांवरून पालिकेला पत्र लिहितो. तिकडे पावसाळ्यात भाजीही बसते आणि गिऱ्हाईकही. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी यांवर वर्ष काढायचं असतं.

खानावळ ‘कुटुंबाची’ का असते याचं उत्तरही त्या पावसात आहे. पगारी आचारी बारा महिने पोसायचा आणि धंदा निम्म्या वर्षाचा, हे गणित सुटत नाही. म्हणून सासूबाई फोडणीला, सूनबाई पोळ्यांना, मुलगा गल्ल्यावर आणि नातू पाण्याच्या जगवर. नातवाचा गृहपाठ तीन नंबरच्या टेबलावर पसरलेला असतो आणि गर्दी झाली की भूगोलाची वही उचलून तुम्हाला बसायला जागा करून देतात. पर्यटकांना हे दृश्य फार हृद्य वाटतं. नातवाला वाटतं की नाही, ते त्याला विचारायला हवं. हिशोबाने पाहिलं तर हे एक असं आस्थापन आहे, जिथे राजीनामा देण्याची कुणालाच सोय नाही.

इथे मायेचा पक्ष घेणारे उठून उभे राहतात. ‘तुम्ही सगळं आवक-जावकीवर नेऊन ठेवलंत. ती बाई आग्रहाने वाढते, त्याचं काय?’ आग्रह खरा असतो, यात शंका नाही. पण तो आग्रह मोठ्या हॉटेलात का होत नाही, ते पाहा. तिथे रांधणारा आत, वाढणारा बाहेर आणि उष्टी ताटं तिसऱ्याच दाराने जातात. तुम्ही भाजी टाकलीत हे आचाऱ्याला जन्मात कळत नाही. खानावळीत जी रांधते तीच वाढते आणि बऱ्याचदा तीच ताट उचलते. ताटात राहिलेली भोपळ्याची भाजी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. ‘आवडली नाही का?’ हा प्रश्न मग सौजन्याचा राहत नाही. ती चौकशी असते. भोपळा ज्याने टाकला, त्याला पुढच्या वेळी कमी वाढलं जातं. ज्याने ठेचा मागून घेतला, त्याच्या ताटात न मागता आणखी अर्धी भाकरी पडते. याला माया म्हणायचं असेल तर जरूर म्हणा.

उशिराबद्दलही थोडं बोलायला हवं. ‘अर्धा तास लागेल’ असं म्हटलं की पाहुणा घड्याळाकडे पाहतो. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटर उंचीवर. तिथे पाणी पंच्याण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. पुण्यात अठ्ठ्याण्णवच्या आसपास. उघड्या पातेल्यातल्या तूरडाळीला हा दोन-तीन अंशांचा फरक चांगलाच कळतो. कुकरने ही अडचण मिटवली, पण कुकर एक, शेगडी दोन बर्नरची आणि बाहेर बसलेली सहा माणसं, ही अडचण पदार्थविज्ञानाला मिटवता आलेली नाही.

राहता राहिला दराचा आक्षेप. पुणेकर तो शेवटी काढतो, कारण तो त्याने सुरुवातीपासून मनात धरून ठेवलेला असतो. ‘पिठलं, भाकरी, कांदा यांचे एवढे पैसे? यार्डात या पैशांत आठवड्याची भाजी येते.’ येते. पुण्यातच हमाल पंचायतीने 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तिथे झुणका-भाकर ना नफा ना तोटा तत्त्वावर मिळते आणि पदार्थही मोजकेच असतात. पोतं उचलून आलेल्या माणसाला तेवढं पुरतं, आणि ते खाण्यासाठी कुणी स्वेटर घेऊन निघत नाही. मग थोडक्याच पदार्थांसाठी आणि नकारासाठी एवढा घाट चढायचा कशाला? आणि नकारच हवा असेल तर पुण्यात तो फुकट मिळतो, तोही पाटीवर लिहून, दुपारी एक ते चारच्या वेळेसह.

फरक इतकाच, की पुण्याचा नकार तिथेच संपतो. दुकानदार ‘नाही’ म्हणतो आणि वर्तमानपत्र उचलतो. घाटावरची बाई ‘वांगं संपलं’ म्हणते आणि त्याच श्वासात, ‘पिठलं टाकते, चालेल?’ एरवी ज्यांना वरणात गूळ किती यावर दहा मिनिटं बोलायला लागतं, तीच माणसं तिथे एकमुखाने ‘चालेल, चालेल’ म्हणतात. घरातल्या चार जणांचं जेवणावर पहिल्या फटक्यात एकमत होणं, याचा बाजारभाव काय धरायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. खानावळीच्या बिलात ही बाब वेगळी दाखवत नाहीत. जीएसटीसारखी वेगळ्या ओळीत दाखवली असती, तर पुणेकराने तेवढ्या ओळीवर घासाघीस केली असती आणि भाकरीचे पैसे मुकाट्याने दिले असते.